ट्रायलोबाइट ओळखताना नाव शेवटी: कवचापासून वंशवृक्षापर्यंतचे टप्पे

ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष, कवचवाल्या सांधेपाद प्राण्याचा जीवाश्म, हाती आला की बहुतेक जण लगेच चित्रं जुळवायला बसतात. डोळा असाच दिसतोय, शेपटीला काटेही तेवढेच आहेत, म्हणजे जाती तीच. पुढे हेच नाव वंशवृक्षाच्या तक्त्यात जातं, आणि तिथे गेलेली चूक शोधून काढणं फार अवघड होऊन बसतं, कारण तोवर ती सगळ्यांच्या लेखी माहिती झालेली असते. आजवर वीस हजारांहून जास्त जातींची वर्णनं झाली आहेत. त्यांतल्या कित्येक एकमेकींच्या जवळच्या नात्यात नसूनही सारख्या दिसतात. म्हणून क्रम पाळा: आधी नमुना, मग त्याची मोडतोड आणि वाढीची अवस्था, मग वर्णन, मग गण आणि कुल (जातींचे मोठे गट), त्यानंतर नाव, आणि नातं सगळ्यांत शेवटी.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. नावातल्या ‘तीन पाळ्या’ म्हणजे डोकं, धड आणि शेपूट नव्हे. त्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तीन पट्ट्या आहेत: मधला अक्ष आणि त्याच्या दोन बाजू. डोक्याचं कवच म्हणजे सेफॅलॉन, सांधेवाल्या खंडांचं धड म्हणजे थोरॅक्स आणि एकसंध शेपटी म्हणजे पायजिडियम. डोक्यावरचा मधला उंचवटा ग्लॅबेला. यांतला ग्लॅबेला हा शब्द पुढे सतत लागेल. बाकी तिघांना डोकं, धड आणि शेपूटच म्हणू.

१. खडकातून काढण्याआधी

नमुना कोणत्या थरातून आला, ही नोंद नमुन्याइतकीच मोलाची आहे. जागा, थराचा क्रमांक, खडकाचा प्रकार, नमुना पालथा होता की उताणा, शेजारी आणखी काय होतं, हे सगळं तिथल्या तिथे लिहा. जीवाश्म गोळा करण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे परवानगी आधी घ्या. खडक दुभंगला तर दोन्ही तुकडे ठेवा. एकावर कवच किंवा आतला साचा (कवचाच्या आत भरून घट्ट झालेला गाळ) असतो आणि दुसऱ्यावर बाहेरचा ठसा. बारीक दाणे आणि खड्डे पुष्कळदा या ठशावरच शाबूत राहतात, आणि लोक नेमका तोच टाकून देतात. खडकाचा साधा तुकडाही सोबत आणा. त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून थराचं वय पक्कं करता येतं.

एकाच नमुन्यावर जाती ठरवायला जाऊ नका. एकाच थरातली निरनिराळ्या आकारांची डोकी आणि शेपट्या जितक्या मिळतील तितक्या घ्या. देखणा पण एकटा नमुना अभ्यासाला फारसा कामाचा नसतो. फुटक्या तुकड्यांनी भरलेली पाटी (खडकाची लादी) त्याच्यापेक्षा जास्त सांगते.

सावध: विकत घेतलेला नमुना अभ्यासात आणण्याआधी भिंगाखाली तपासा. राळेत ओतलेल्या नकलेत हवेचे बारीक गोल बुडबुडे दिसतात. दोन प्राण्यांचे तुकडे जोडून एक ‘पूर्ण’ प्राणी केला असेल तर धडाच्या खंडांची रांग मध्येच सरकलेली असते. थराची नोंद नसलेला नमुना वंशवृक्षाच्या कामात धरूच नका.

२. साफसफाई

ट्रायलोबाइटचं कवच कॅल्साइटचं (चुन्याच्या खनिजाचं) असतं आणि चुनखडीही कॅल्साइटचीच. म्हणजे चुनखडी विरघळवणारं आम्ल कवचही विरघळवणार. ‘थोडंसं व्हिनेगर लावून बघतो’ हा प्रयोग करू नका. मोठा अपवाद: कवचाची जागा सिलिकाने (गारेच्या, अशा आम्लात न विरघळणाऱ्या खनिजाने) घेतली असेल तर आम्लाने भोवतीची चुनखडी काढता येते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या चुनखडीतून अशाच रीतीने मिलिमीटरभर लांबीची पिल्लंसुद्धा अखंड निघाली आहेत. पण सिलिका आहे की नाही, हे आधी एका टाकाऊ तुकड्यावर पाहा.

एरवी सुई, हवेवर चालणारी बारीक छिन्नी आणि दोन्ही डोळ्यांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम होतं. सुई कवचाकडे रोखू नका. कवचाच्या वर थोडा खडक राहू द्या आणि तो बाजूने उडवा. तुटलेलं जोडायला ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे राळेचं चिकटद्रव्य वापरा, म्हणजे चूक झाली तर जोड सोडवता येतो. झटपट चिकटणारे डिंक नकोत. ते खाचेत उतरले की ती खाच कायमची गेली.

३. समोर आहे ते नेमकं काय?

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

ट्रायलोबाइट आयुष्यभर कात टाकायचे. त्यामुळे मिळणाऱ्या जीवाश्मांत प्राण्यापेक्षा कातच पुष्कळ असते. कात टाकताना बहुतेकांच्या डोक्यावरची शिवण (कवच जिथे उघडतं ती नैसर्गिक जोडरेघ) उसवायची आणि दोन्ही बाजूंचे सुटे गाल वेगळे व्हायचे. उरायचा तो क्रॅनिडियम, म्हणजे ग्लॅबेला आणि तिला जोडलेले आतले गाल. हा क्रॅनिडियम पूर्ण डोक्यापेक्षा अरुंद दिसतो आणि त्याला गालाचे काटे नसतात. याला ‘काटे नसलेली वेगळी जाती’ समजणं ही नेहमीची चूक आहे. फेकॉप्स या ट्रायलोबाइटच्या कुळात शिवणी सांधल्या गेल्या होत्या, त्यामुळे तिथे अख्खं डोकंच सुटून पडायचं. धड सरळ आणि डोकं पुढे उलटं पडलेलं दिसलं तर ती बहुधा कात आहे.

दुसरा प्रश्न: हे कवच, आतला साचा की बाहेरचा ठसा? आतल्या साच्यावर खाचा सहसा जास्त खोल दिसतात आणि पृष्ठभागावरचे दाणे दिसतच नाहीत. एका जातीचा साचा आणि दुसरीचं कवच शेजारी ठेवून ‘हिच्या खाचा खोल’ असं लिहिलंत तर तो फरक जातींचा नसतो, फक्त जतन होण्याचा असतो.

तिसरा प्रश्न: खडक दाबला गेला आहे का? वेल्समधल्या ‘अँजेलिना सेजविकी’ या ट्रायलोबाइटचा दगड यासाठी उत्तम उदाहरण आहे. एकाच पाटीवर काही प्राणी लांबट आणि सडपातळ दिसतात, काही आखूड आणि रुंद, तर काही तिरके झालेले. जाती मात्र एकच. दगड एका दिशेने दाबला गेला आणि जो प्राणी ज्या रोखाने पडला होता तसा तो बदलला. असे नमुने वेगवेगळे पाहिले तर त्यांच्या तीन जाती करण्याचा मोह होतो.

तपासा: पाटीवर रेघ मारून दगडाची एक दिशा ठरवा. प्रत्येक नमुन्याचा अक्ष तिच्याशी किती अंशात आहे ते लिहा आणि त्यापुढे लांबी-रुंदीचं गुणोत्तर. गुणोत्तर कोनाबरोबर बदलत असेल तर मापं जातीभेदासाठी वापरू नका. दाबाने आकार बदलतो, पण धडाचे खंड आणि शेपटीवरची कडी यांची संख्या तीच राहते.

४. पिल्लू की प्रौढ

अंड्यातून बाहेर आल्यावरची पहिली कवचधारी अवस्था म्हणजे प्रोटास्पिस. ही एकसंध चकती असते. डोकं आणि शेपूट यांच्यात सांधा आला की मेरास्पिस. पुढच्या वाढीत शेपटीच्या पुढच्या टोकाकडून एकेक खंड सुटून धडात जमा होतो. प्रौढाइतके खंड भरले की होलास्पिस, आणि त्यानंतरही प्राणी आकाराने वाढत राहतो.

म्हणून धडाचे खंड कमी दिसले तर लगेच नवी जाती काढू नका. मेरास्पिसमध्ये ते कमीच असणार. पिल्लाची ग्लॅबेला, डोळ्याची जागा आणि काटे प्रौढापेक्षा इतके वेगळे असू शकतात की पूर्वी ‘साओ हिर्सुटा’ या एकाच जातीच्या वाढीच्या अवस्थांना निरनिराळी नावं दिली गेली होती. बोहेमियातल्या (आताच्या चेकियातल्या) याच जातीची वाढीची मालिका १८५२ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ योआकिम बारांद यांनी लावून दाखवली.

सगळ्या नमुन्यांची डोक्याची लांबी आणि ग्लॅबेलाची रुंदी मोजा आणि लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष लॉगॅरिदमचे) मांडा. ठिपके एका रेषेत पडत असतील तर एकाच जातीची वाढ तुमच्यासमोर असण्याची शक्यता जास्त. दोन समांतर रेषा दिसल्या तर पुन्हा नमुन्यांकडे वळा.

सावध: प्रौढांतही खंडांची संख्या नेहमी ठाम नसते. ‘ऑलाकोप्ल्युरा कोनिंकी’च्या प्रौढांत ती १८ ते २२ अशी बदलते. बहुतेक जातींत ती स्थिर असते, पण ते गृहीत धरू नका, मोजा.

५. फोटो

नमुन्यावर आधी काळा, निस्तेज रंग आणि त्यावर तापवलेल्या अमोनियम क्लोराइडचा पांढरा धुरकट थर द्यायची पद्धत आहे. त्यामुळे दगडाचे डाग लपतात आणि फक्त उंचसखलपणा उरतो. हे धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करा. हा थर ओल धरतो आणि कॅल्साइटला घातक ठरतो, म्हणून फोटो झाला की लगेच काढून टाका.

प्रकाश नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, तिरका. ही केवळ शिस्तीची बाब नाही. मी एकदा एका पाटीचे सगळे फोटो खालच्या उजव्या बाजूने दिवा ठेवून काढले होते. पाहणाऱ्याचा डोळा प्रकाश वरूनच आला असं धरून चालतो, त्यामुळे फोटोत चर उंच दिसत होते आणि कडा खोल. फोटोंवरून भरलेला तक्ता आणि दगडावरून भरलेला तक्ता जुळेनात, तेव्हा कारण कळलं. सगळं पुन्हा करावं लागलं. प्रत्येक नमुन्याचे वरून, बाजूने आणि समोरून असे किमान तीन फोटो घ्या, मोजपट्टीसह. वरून घेताना नमुना पुढेमागे कलला तर ग्लॅबेलाची लांबी खोटी येते.

६. वर्णन, ठरलेल्या क्रमाने

अजून पुस्तक उघडायचं नाही. डोकं, हायपोस्टोम (तोंडाजवळची खालची पट्टी), धड, शेपूट, पृष्ठभाग, या क्रमाने लिहा. ग्लॅबेलाच्या पाळ्या मागून पुढे मोजतात: ग्लॅबेलाच्या मागच्या टोकाचं मानेचं कडं म्हणजे शून्य, त्याच्या पुढची पाळी पहिली, मग दुसरी. पुढून मोजायला सुरुवात केली की दोन जातींच्या ‘पहिल्या’ पाळ्या वेगवेगळ्या निघतात, कारण पुढच्या खाचा पुष्कळदा पुसट झालेल्या असतात.

सगळ्यांत जास्त वेळ शिवणीला द्या. तिरक्या उजेडात भिंग धरून डोळ्याच्या आतल्या कडेपासून सुरुवात करा. शिवण तिथून जाते, डोळ्याची भिंगं आणि डोळ्यावरची पाळी यांच्या मधून. मागे जाताना ती गालाच्या कोपऱ्याच्या आत, मागच्या कडेला कापते, की कोपऱ्याच्या पुढे बाजूच्या कडेला, की नेमकी कोपऱ्यावर? पहिली ऑपिस्थोपॅरियन, दुसरी प्रोपॅरियन, तिसरी गोनॅटोपॅरियन. कॅलिमेनी या ट्रायलोबाइटमध्ये तिसरी दिसते. दगडाची भेग आणि शिवण यांत गल्लत होते. शिवण दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जुळते, भेग जुळत नाही.

आणि शिवण दिसलीच नाही तर? ‘शिवण नाही’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका, कारण त्याचे चार अर्थ होतात. ओलेनेलिना या गटात वरच्या बाजूची शिवण मुळातच नसते. फेकॉप्समध्ये ती होती आणि नंतर सांधली गेली. हार्पेस आणि ट्रायन्यूक्लिअस यांच्यात ती कडेवरून जाते, त्यामुळे वरून दिसत नाही. आणि चौथा अर्थ साधा: नमुना झिजलेला आहे, काहीच कळत नाही. या चौघांना एकाच खान्यात टाकलंत तर पुढचं वंशवृक्षाचं झाड चुकलंच म्हणून समजा.

हायपोस्टोमसाठी खालची बाजू मिळवायचा प्रयत्न करा, एखादा जादा नमुना त्यासाठी खर्ची पडला तरी चालेल. ती पट्टी डोक्याच्या आत वळलेल्या कडेला चिकटलेली आहे की सुटी तरंगती, हे कुलांच्या नात्यात मोठं वजन बाळगतं, आणि वरून ते अजिबात कळत नाही.

७. गण आणि कुल: वरून खाली

आता पुस्तक उघडा, आणि एका लक्षणावर गण ठरवू नका. १८९७ मध्ये चार्ल्स बीचर यांनी फक्त शिवणीवरून तीन गण केले होते. पुढे ती विभागणी कृत्रिम ठरली. लक्षणांचा जुडगा पाहा. धडात दोनच खंड आणि डोकं-शेपूट जवळपास सारख्या आकाराचं असेल तर ॲग्नोस्टिडा. मोठी, सुटी, प्रत्येकी वेगळ्या पारदर्शक आवरणाची भिंगं म्हणजे स्किझोक्रोअल डोळा असेल तर फेकॉपिना, आणि तिथे धडात ११ खंड आहेत का तेही पाहा. आठ खंड, मोठी शेपटी आणि डोक्याच्या खालच्या बाजूला मधोमध उभी शिवण असेल तर असाफिडाकडे वळा. डोक्याभोवती खड्ड्याखड्ड्यांची रुंद झालर हार्पेटिडातही असते आणि ट्रायन्यूक्लिअसच्या कुळातही, त्यामुळे तिथे खंड मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका: हार्पेटिडात बारा किंवा अधिक, ट्रायन्यूक्लिअसकडे साधारण सहा.

पुस्तक कोणत्या सालचं आहे तेही पाहा. हार्पेटिडा हा वेगळा गण २००२ मध्ये झाला. ट्रायन्यूक्लिअसचं कुळ बराच काळ असाफिडात होतं, त्याचा स्वतंत्र गण २०२० मध्ये मांडला गेला. टायकोपॅरिडा हा गण तर आजही अडगळीच्या खोलीसारखा आहे. ज्यांची नीट सोय लागली नाही ते तिथे ठेवले गेले. नमुना तिथे पोचला तर त्याला उत्तर समजू नका.

तपासा: खडकाचं वय आणि गण जुळतात का? ट्रायलोबाइट सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागले आणि सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरीस संपले. डेव्होनियन काळानंतर व्यापक अर्थाने घेतलेला प्रोएटिडा हा एकच गण उरला. डेव्होनियननंतरच्या कार्बोनिफेरस काळातल्या खडकातून तुम्हाला फेकॉप्स ‘मिळाला’ असेल तर वय तरी चुकलंय किंवा ओळख तरी.

८. नाव

प्रजाती (जीनस) आणि जातीसाठी (स्पीशीज) तुलना ज्याच्यावरून नाव दिलं गेलं त्या मूळ नमुन्याशी, म्हणजे होलोटाइपशी करायची, कुणीतरी नाव लावून ठेवलेल्या फोटोशी नाही. मूळ नमुना फक्त शेपटी असेल तर तुमच्याकडच्या डोक्यावरून खात्री देता येणार नाही, हे मान्य करा. शंका असेल तर ‘सीएफ.’ (बहुधा हीच), ‘ॲफ.’ (हिच्या जवळची, पण वेगळी) किंवा नुसतं ‘एसपी.’ लिहा. यात कमीपणा काही नाही. खोट्या खात्रीने दिलेलं नाव पुढच्या प्रत्येक यादीत आणि तक्त्यात जातं.

९. लक्षणांचा तक्ता

नात्याच्या कामात सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

लक्षणाची कोणती स्थिती जुनी हे ठरवायला आधी बाहेरचा गट निवडा: अभ्यासाच्या गटाच्या बाहेरचा, पण फार लांबचा नाही. निदान दोन जाती घ्या. ॲग्नोस्टिडा झटकन बाहेरचा गट म्हणून वापरू नका. त्यांचं शरीर इतकं बदललेलं आहे की त्यांच्याशी अवयव जुळवतानाच वाद होतात.

प्रत्येक जातीसाठी एक ओळ आणि प्रत्येक लक्षणासाठी एक स्तंभ. लक्षण असं लिहा की दुसऱ्या माणसाने तोच नमुना पाहून तोच आकडा भरावा. ‘ग्लॅबेला रुंद’ हे लक्षण नाही. ‘ग्लॅबेलाची पुढची रुंदी मानेच्या कड्याच्या रुंदीहून जास्त: नाही ०, आहे १’ हे लक्षण आहे.

शिवणीचे चार अर्थ इथे कामाला येतात. मुळात नसणं, सांधली जाणं आणि कडेवरून जाणं या वेगळ्या स्थिती आहेत, त्यांना वेगळे आकडे. झिजलेल्या नमुन्याला प्रश्नचिन्ह. आणि डोळेच नसलेल्या जातीत ‘भिंगांचा प्रकार’ हा प्रश्नच लागू होत नाही, तिथे आडवी रेघ. शून्य भरू नका. तसं केलंत तर संगणक सगळ्या आंधळ्या जातींना एकत्र बांधतो, आणि डोळे गमावणं तर निरनिराळ्या वंशांत पुन्हा पुन्हा घडलं आहे. खाचा पुसून कवच गुळगुळीत होण्याचंही तेच, आणि खुल्या पाण्यात पोहणाऱ्यांच्या भल्यामोठ्या डोळ्यांचंही. राहणी सारखी असली की रूप सारखं होत जातं, म्हणून अशा लक्षणांवर सगळं झाड टेकू देऊ नका.

एकच गोष्ट दोनदा मोजू नका. ‘शेपटी मोठी’ आणि ‘शेपटीवर कडी जास्त’ पुष्कळदा एकाच बदलाची दोन रूपं असतात. पिल्लांची लक्षणं मिळत असतील तर जरूर घाला. प्रौढपणी वेगळे दिसणारे गट प्रोटास्पिसमध्ये आपलं नातं दाखवतात.

तपासा: आठवड्याने, जुना तक्ता न पाहता, चार जातींच्या ओळी दगडावरून पुन्हा भरा. जिथे आकडे बदलले त्या लक्षणाची व्याख्या ढिली आहे. ती सुधारा किंवा लक्षण काढून टाका.

१०. झाड

हे हाताने करायचं काम नाही. नुसत्या दहा जातींची, मूळ न दाखवता, २०,२७,०२५ वेगवेगळी द्विशाखी झाडं होतात. टीएनटीसारखी संगणक प्रणाली कमीत कमी बदलांत बसणारं झाड शोधते. जाती जास्त असतील तर शोध एकाच सुरुवातीपासून करू नका, जातींचा क्रम बदलून अनेकदा करा, नाहीतर ती एखाद्या बऱ्या झाडापाशीच अडकून बसते.

तितकीच चांगली अनेक झाडं मिळाली तर आवडलेलं एक उचलायचं नाही. सगळ्यांत सामाईक असलेलंच दाखवणारं एकमताचं झाड द्या. फांद्यांचा आधार बूटस्ट्रॅपने (लक्षणं पुन्हा पुन्हा निवडून झाड परत बांधून) किंवा ब्रेमरच्या मापाने (ती फांदी मोडायला किती जादा बदल लागतात) तपासा. आधार तुटपुंजा असेल तर ती फांदी मोकळी सोडा.

झाड वाचताना होणारी चूक म्हणजे वरपासून खालपर्यंत नावांचा क्रम वाचणं. फांद्या गाठीभोवती (जिथून त्या फुटतात त्या जागेभोवती) फिरवता येतात, त्यामुळे शेजारी लिहिलेली दोन नावं जवळची असतीलच असं नाही. नातं गाठीवर पाहायचं. आणि टोकावरची कोणतीही जाती दुसरीची आई नाही, दोघींचा पूर्वज गाठीवर आहे.

११. काळ आता जोडा

थरांचा क्रम झाड बांधताना वापरला नाही, तो आता ताडून पाहायला मोकळा आहे. सख्ख्या दोन वंशांचं वय सारखंच असणार. एक जुन्या थरात आणि दुसरा बऱ्याच नंतर दिसत असेल तर मधली न सापडलेली रेघ भुतासारखी मानावी लागते. अशा रेघा फार लांब आणि पुष्कळ झाल्या तर तक्त्याकडे परत जा. पण लांब रेघ म्हणजे चूकच असंही नाही. ऑर्डोव्हिशियनमध्ये अचानक दिसणाऱ्या कित्येक गटांचे त्याआधीच्या कँब्रियन काळातले पूर्वज अजून नीट जुळलेले नाहीत.

एकाच ठिकाणचे थर सलग मिळत असतील तर मात्र जातींची नावं बाजूला ठेवा आणि प्रत्येक थरातली मापं मांडा. नाइल्स एल्ड्रेज यांनी फेकॉप्समध्ये (आताचा एल्ड्रेजिऑप्स) डोळ्यातल्या भिंगांच्या उभ्या रांगा मोजल्या, तेव्हा १८ वरून १७, मग १५ असा बदल थांबून थांबून झालेला दिसला. पीटर शेल्डन यांनी वेल्समधल्या बिल्थ भागातले सुमारे १५,००० नमुने घेऊन आठ वंशांच्या शेपटीवरच्या बरगड्या मोजल्या. १९८७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बदल हळूहळू, मध्ये मागे-पुढे होत गेलेला दिसला, आणि वेगळी नावं लावलेले नमुने मधल्या थरांत एकमेकांत मिसळत होते. दोघांनीही मोजता येणारी संख्या निवडली होती आणि प्रत्येक नमुन्याचा थर त्यांना माहीत होता. तुमच्याकडे एका थरातले पाचच नमुने असतील तर वेग ठरवू नका. सरासरीसोबत किमान आणि कमाल आकडा द्या, नमुन्यांची संख्या लिहा, आणि पुढच्या वेळी मधल्या थरांत जा.